होडीतला लाईव्हवेल (मासे जिते ठेवायची टाकी) धुवायचाय, पण सुंगटांना (कोळंबीला) आणि माशांना बाधेल असं काही नको

मांडवी_गरी:
नमस्कार मंडळी, सेकंडहँड फायबरची होडी घेतलीय, गोव्यात मांडवी नदीत आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात गरवायला (गळाने मासे धरायला) जातो. होडीत बसवलेला लाईव्हवेल आहे, साधारण ६० लिटरचा, १२ व्होल्टचा पंप आणि वर झाकण. आधीच्या मालकाने तो कधी नीट धुतलेला दिसत नाही. भिंतींना तपकिरी बुळबुळीत थर, कोपऱ्यात खवले, ड्रेनच्या जाळीत काळा गाळ आणि झाकण उघडलं की कुजका वास. मानशीवरून (खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दारावरून) जिती सुंगटं आणतो, ती यात टाकली की थोड्या वेळात आडवी होतात आणि त्यातलीच निम्मी बालदीत एअर पंप लावून ठेवली तर दुपारपर्यंत उड्या मारतात, पाणी दोन्हीकडे नदीचंच, म्हणजे घोळ टाकीतच आहे. जेटीवर विचारलं तर एक जण म्हणतो फिनाईल ओत, दुसरा टॉयलेटचं अ‍ॅसिड, तिसरा ब्लीच. मोठी चणक (जिताडा मासा) लागली की मी सोडून देतो, पण गरी काढून ती जरा सावरेपर्यंत टाकीत ठेवावी लागते, तेव्हा तिच्या कल्ल्यांना काही झालं तर सोडण्याला अर्थच नाही. नक्की काय वापरायचं?

साळकाठचो:
फिनाईल अजिबात नको. ते फायबरला आणि रबरी पाइपला धरून बसतं, वास गेला तरी पाण्यात थोडं थोडं उतरत राहतं. अ‍ॅसिड पंपाचे आणि फिटिंगचे धातूचे भाग खातं. भांड्यांचा साबणही नको, माशाच्या अंगावर आणि कल्ल्यांवर जो चिकट थर असतो तोच त्याचं रक्षण करतो आणि साबण नेमका तोच थर काढतो, शिवाय एअरेटर (पाण्यात हवा सोडणारा पंप) चालू केला की फेसच फेस.

साधा पांढरा व्हिनेगर घे, किराणा दुकानात मिळतो तो, ४ टक्क्यांच्या आसपास असतो. घरचा माडाचा व्हिनेगर यात घालू नको, तो जेवणाला, त्याची ताकद प्रत्येक बाटलीत वेगळी आणि त्यात गाळ असतो. आधी टाकी पूर्ण रिकामी कर, खवले आणि गाळ हाताने काढ, मग मऊ नायलॉनच्या ब्रशने नुसत्या पाण्याने घास. तारेची घासणी नको, फायबरवर चरे पडतात आणि पुढचा थर त्या चऱ्यांतच धरतो, माशाचं अंगही त्यावर खरवडतं. सोडणाने (नारळाच्या काथ्याने) घासायची आपल्याकडे सवय आहे पण त्याचे धागे सुटून पंपाच्या पंख्यात अडकतात. मग व्हिनेगर आणि पाणी अर्धं अर्धं करून भिंतींना लाव, वीसेक मिनिटं राहू दे, परत घास, आणि धू, धू, धू. मिठाचा पांढरा थर पण याने सुटतो. वास उरला तर ओल्या फडक्यावर खायचा सोडा घेऊन पुसून काढ.

पण एवढं करून निम्मंच काम होतं, कारण खरी घाण पाइपात असते. पंपाचं कार्ट्रिज (मोटर आणि पंखा असलेला सुटा भाग) फिरवून बाहेर काढ, पंख्याभोवती शेवाळ, खवले, दोऱ्याचे तुकडे गुंडाळलेले सापडतील. ओव्हरफ्लोच्या पाइपात लांब बाटली-ब्रश घाल. पाणी टाकीतल्या टाकीत फिरवायची सोय असेल तर व्हिनेगरचं पातळ पाणी तसंच थोडा वेळ फिरव. पाइप फार जुना असेल तर सरळ बदल, मीटरवर मिळतो.

खाजन_आणि_कोळंबी:
मी कोळंबीच्या तळ्यांवर काम करतो, सुंगटं का आडवी होतात ते सांगतो म्हणजे काय धुवायचं तेही कळेल.

तो बुळबुळीत थर म्हणजे बॅक्टेरिया, आणि ते पाण्यातला ऑक्सिजन खातात. ३० अंशाच्या समुद्राच्या पाण्यात मुळात लिटरला ६ मिलिग्रॅमच्या जरा वरच ऑक्सिजन मावतो, २० अंशाला ७ च्या वर मावतो, म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात दुपारी आधीच कमी आणि त्यात तुमच्या सुंगटांबरोबर भिंतीही तोच ओढताहेत. दुसरं अमोनिया. मासे आणि सुंगटं तो कल्ल्यांतून सोडतात, कुजणाऱ्या खवल्यांतूनही सुटतो, आणि पाणी जितकं गरम आणि जितका पीएच जास्त तितका तो जास्त विषारी. खाऱ्या पाण्याचा पीएच ८ च्या आसपास असतोच. म्हणून बंद पाण्यावर एअरेटर कितीही चालवा, अमोनिया त्याने जात नाही, पाणी बदलावंच लागतं.

आता नळाचं पाणी. धुवायला चालेल पण शेवटचं खळबळणं नदीच्या पाण्याने करा. पिण्याच्या पाण्यात नळापर्यंत लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असा नियमच आहे, माणसाला ते काहीच नाही, पण नाजूक माशांच्या कल्ल्यांना त्याच्या निम्म्यानेही त्रास होतो. टाकीच्या तळाला नळाचं पाणी साचलेलं आणि त्यातच सुंगटं ओतली असं नको. खारटपणातला अचानक फरकही त्यांना सोसत नाही, म्हणून जिथे गरवणार तिथलंच पाणी थोडं थोडं घालत भरा.

आणि हातांना सनस्क्रीन, डासांचं क्रीम, पेट्रोल लागलेलं असेल तर टाकीत हात घालू नका. याकडे कोणी लक्षच देत नाही.

चापोरा_बोटवाला:
वरचं सगळं बरोबर, पण मी म्हणेन अशा वर्षानुवर्षं कुजलेल्या टाकीला पहिल्यांदा एकदाच ब्लीच लागतंच. पाइपातला काळा थर व्हिनेगरने मरत नाही, आठवड्यात परत येतो. घरगुती ब्लीच लिटर पाण्याला १० मिली, त्याहून जास्त नको, दहा मिनिटं ठेवायचं, भरपूर धुवायचं आणि झाकण उघडं टाकून दोन दिवस कडक उन्हात वाळवायचं.

खाजन_आणि_कोळंबी:
चापोरा_बोटवाला, एकदाच असेल तर माझी हरकत नाही, पण तीन गोष्टी पाळा. आधी सगळा थर आणि गाळ घासून काढलेला हवा, कारण कुजलेल्या घाणीतल्या अमोनियाशी ब्लीच मिसळलं की क्लोरामाइन बनतं, ते माशांना तितकंच वाईट आणि उन्हाने लवकर उडतही नाही. दुसरं, व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र नको, पाइपात व्हिनेगर उरलेला असताना तर नकोच नको, क्लोरीनचा वायू निघतो, आणि माणूस डोकं त्या टाकीत घालून घासत असतो, हे गंमतीत घेऊ नका. तिसरं, ते पाणी मांडवीत सोडायचं नाही. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळतं ते सोडियम थायोसल्फेट असतं, ते घालून क्लोरीन मारायचं आणि मग रिकामं करायचं, तेही होडी किनाऱ्यावर ओढलेली असताना. खारफुटीच्या मुळांत पिल्लं वाढतात, तिथे नेऊन क्लोरीन ओतायचं?

मी स्वतः हायड्रोजन पेरॉक्साइड सुचवेन. त्याचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होतं, मागे काही राहत नाही. मेडिकलमध्ये बहुतेक ६ टक्क्यांचं मिळतं, लेबल बघा, तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा, हातमोजे घालून लावा, फसफसायचं थांबलं की धुवा. हेही व्हिनेगरबरोबर मिसळायचं नाही, एक पूर्ण धुवून मग दुसरं. आणि नीट खळबळल्याशिवाय मासा आत नको, पेरॉक्साइडही कल्ल्यांना जाळतं.

मांडवी_गरी:
मनापासून आभार सगळ्यांचे. मग आधी घासणं, व्हिनेगर, पूर्ण धुणं, पेरॉक्साइड, परत धुणं असं करतो, ब्लीच ठेवतो बाजूला, पाइप तर नवीनच घालतो. दोन प्रश्न. रोज गरवून आल्यावर काय करायचं? आणि पावसाळ्यात होडी वर ओढून ठेवणार तेव्हा टाकीचं काय?

साळकाठचो:
रोज काही औषध लागत नाही. परत आल्यावर लगेच रिकामी कर, खवले काढ, दोन बालद्या पाणी मारून घास, जाळी काढून झटक, झाकण उघडं ठेव. थर ओलाव्यावर वाढतो, सुकलेल्या भिंतीवर नाही, त्यामुळे वाळवणं हेच मुख्य औषध. संध्याकाळी धुऊन झाकण घट्ट लावून घरी जाणारे खूप जण बघितलेत, त्यांच्याच होड्यांना वास येतो.

मेलेलं सुंगट दिसलं की लगेच बाहेर काढ, एक मेलं की बाकीच्यांचं पाणी खराब करतं. आणि चणक टाकीत घ्यायची तर हात ओले करून घे, तेव्हा सुंगटं दुसऱ्या बालदीत. ती मोठी सोडतोस ते फार चांगलं करतोस, चणक आधी नर असते आणि मोठी झाल्यावर मादी होते, म्हणजे मोठी मारली की अंडी घालणारीच गेली.

चापोरा_बोटवाला:
पावसाळ्याचं मी सांगतो. बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ती यांत्रिक बोटींना, पण आपल्यासारखे लहान होडीवाले पण मृगाच्या आधीच वर ओढतात. तेव्हा ड्रेन उघडा ठेव, टाकीत थेंब राहता कामा नये, नाहीतर डास अंडी घालतात आणि डेंग्यूचा ताप घराला. पंप काढून गोड्या पाण्यात थोडा वेळ चालवून मीठ घालव, सुकव आणि घरात ठेव. वर ताडपत्री घाल पण झाकणाखाली लाकडाचा तुकडा सरकवून फट ठेव, वारा खेळला पाहिजे. आत येणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी बार्नेकल (घट्ट चिकटणारे कवचवाले समुद्री जीव) बसलेले असतील ते होडी वर असतानाच खरवडून घे, तोंड अर्धं बुजलं की पंप चालतो पण पाणी येत नाही आणि वाटतं पंप गेला. ऑगस्टात परत उतरवायच्या आधी एकदा व्हिनेगरचं पाणी फिरव. पंपाचं रबरी सील चिरलेलं असेल तर आत्ताच बदल, तेव्हा सगळ्यांची एकदम घाई असते आणि दुकानात मिळत नाही.