इतिवृत्तातील ‘टेबल’ या शब्दाविषयी

अ/४०२ : सचिव महोदय, वार्षिक सभेचे इंग्रजी इतिवृत्त वाचले. त्यात लिफ्ट बदलण्याचा प्रस्ताव ‘टेबल’ केला असे लिहिले आहे. न्यू जर्सीहून चिरंजीवांनी सांगितले की याचा अर्थ प्रस्ताव बाजूला ठेवला. माझ्या गुडघ्यांची अवस्था सर्वांना ठाऊक असताना हा निर्णय कोणी घेतला?

सचिव : वहिनी, गैरसमज नसावा. ‘टेबल करणे’ म्हणजे सभेपुढे मांडणे. मी एकतीस वर्षे मंत्रालयात काढली आहेत. अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला जातो तो सदस्यांनी पाहावा म्हणून, दडपावा म्हणून नव्हे.

ब/१०३ : माझा प्रश्न एवढाच आहे की त्या सभेत लिफ्टवर चर्चा झाली की नाही.

क/२०१ : शाळेत इंग्रजी शिकवलेले असल्यामुळे राहवत नाही. आपण दोघेही बरोबर आहात. ब्रिटिश वापरात, आणि म्हणून आपल्याकडेही, ‘टेबल करणे’ म्हणजे चर्चेला घेणे. अमेरिकेत मात्र, जिथे हेन्री रॉबर्ट या लष्करी अधिकाऱ्याने १८७६ मध्ये लिहिलेले सभानियम आजही चालतात, तिथे त्याच शब्दाचा अर्थ चर्चा थांबवून विषय बाजूला ठेवणे असा होतो.

अ/३०४ : टेबलावरचे समजले. टेबलाखालचे कोण समजावणार? 😀

खजिनदार : या विनोदाचा रोख माझ्याकडे असेल तर तसे स्पष्ट लिहावे. लिफ्टची तिन्ही दरपत्रके कार्यालयात आहेत आणि ती पाहायला आजवर एकही सभासद आलेला नाही, आपणही नाही.

अ/३०४ : मी केवळ शब्दाच्या वापराविषयी बोललो, साहेब.

ब/१०३ : पुन्हा विचारतो. चर्चा झाली की नाही?

क/२०१ : दुसऱ्या महायुद्धात नेमके हेच घडले होते. ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक टिपण तातडीने ‘टेबल’ करायचे होते, तर ते खणात टाकून विसरून जायचे आहे असे समजून अमेरिकी अधिकारी विरोध करत राहिले. बराच वेळ कडाक्याचा वाद झाल्यावर दोघांनाही एकच गोष्ट हवी असल्याचे उमगले. ही हकिकत चर्चिल यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. मूळ लॅटिन शब्द मात्र फळी किंवा पाटी अशा साध्या अर्थाचा आहे, म्हणून पाढ्यालाही टेबल म्हणतात आणि कोष्टकालाही.

अ/१०१ : आणि भूजलाच्या पातळीला ‘वॉटर टेबल’. ती खाली गेल्यामुळे आपली बोअरवेल मे महिन्यात आटली, हे मी तीन सभांमध्ये सांगितले. कोणत्याही अर्थाने ते टेबल झाले नाही.

सचिव : बोअरवेलचा विषय कृपया स्वतंत्रपणे मांडावा. इंग्रजी इतिवृत्ताचा आग्रह परदेशस्थ सभासदांच्या सोयीसाठी वहिनींच्याच चिरंजीवांनी धरला होता, एवढे नम्रपणे नमूद करतो.

अ/४०२ : त्याने इंग्रजी मागितले होते, कोडे नव्हे.

ब/१०३ : चर्चा झाली की नाही? होय किंवा नाही, एवढेच लिहावे.

क/२०१ : मी सभेला होते, म्हणून सांगते. सचिवांनी प्रस्ताव वाचून दाखवला, तेवढ्यात वडे आले, मंडळी उठली आणि अध्यक्षांनी विषय पुढील सभेत घेऊ असे सांगितले. म्हणजे प्रस्ताव आधी ब्रिटिश अर्थाने टेबल झाला आणि पाच मिनिटांत अमेरिकी अर्थाने.

खजिनदार : वड्यांचे बिल अद्याप मंजूर व्हायचे आहे.

सचिव : ठीक आहे. दुरुस्त मसुदा उद्या सायंकाळपर्यंत पाठवतो.

अ/४०२ : मराठीत पाठवा. ‘मांडला आणि चर्चेविना पुढे ढकलला’ असे लिहा. चिरंजीवांना मी फोनवर वाचून दाखवीन.

ब/१०३ : म्हणजे चर्चा झाली नाही.