गुलाबाचे सरबत हलके कसे करावे?

शहापूरची सून (बेळगाव)

आमच्याकडे दर उन्हाळ्यात सासूबाईंच्या पद्धतीने देशी गुलाबाचे सरबत होते. एक किलो साखरेला अर्धा लिटर पाणी, एकतारी पाक, पाकळ्यांचा अर्क आणि शेवटी चिमूटभर लिंबूसत्त्व, हे प्रमाण घरात वर्षानुवर्षे ठरलेले आहे. सरबत सुरेख होते यात वाद नाही. पण पेला रिकामा होताच पुन्हा पाणी प्यावेसे वाटते, आणि मामंजींना मधुमेह असल्यामुळे त्यांच्यासमोर ते पिणेही नकोसे होते. म्हणून यंदा मी साखर निम्मी केली आणि रंग चांगला उतरावा या हेतूने पाकळ्या वीस मिनिटे उकळल्या. रंग विटकरी आला, वास उकडलेल्या पाल्यासारखा झाला आणि फळीवर ठेवलेल्या बाटलीचे बूच पाचव्या दिवशी काढले तेव्हा फस्सकन फेस वर आला. सगळे मोरीत ओतावे लागले.

साखर कमी ठेवूनही फुलाचा वास राहील, असे पेय कोणी करते का? अंगणात मोगराही भरपूर फुलतो आहे. तो वापरता येईल का? गुलाब कमी पडल्यास बाजारातून आणलेला चालेल का?

निपाणीचा मास्तर

ताई, तुमच्या सासूबाईंच्या प्रमाणात साखर दोन कामे करते. ती गोडी देते हे उघड आहे, पण पाकात साखरेचा अंश पासष्ट टक्क्यांच्या आसपास गेला की त्यातले पाणी साखरेनेच धरून ठेवलेले असते आणि आंबवणाऱ्या जंतूंना वाढता येत नाही. म्हणूनच जुन्या घरांतल्या बाटल्या फडताळात महिनोन्महिने टिकत. तुम्ही साखर निम्म्यावर आणली, म्हणजे गोडी कमी केलीतच, शिवाय राखणदारही काढून घेतलात. एप्रिलच्या उकाड्यात बाटली आंबली यात नवल नाही. हलके पेय हवे असेल तर टिकवण्याचा हट्ट सोडावा, थोडे करावे, फ्रीजमध्ये ठेवावे आणि दोन-तीन दिवसांत संपवावे.

आकडाही पाहा. जुन्या पद्धतीच्या पाकाचे तीन मोठे चमचे एका पेल्यात घातले की साधारण ३५ ते ४० ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेबाबत जी सूचना केली, तिच्यातली अधिक कडक मर्यादा प्रौढ माणसासाठी दिवसभरात सुमारे २५ ग्रॅम इतकी आहे. मामंजींच्या बाबतीत मात्र कमी साखरेचे सरबत हेही साखरेचेच सरबत असते, हे विसरू नये. त्यांच्यासाठी फुलाचे पाणी बिनसाखरेचेच काढून ठेवावे.

आणखी एक गोष्ट. अतिथंड पेयात जिभेला गोडी कमी जाणवते, म्हणून बर्फाच्या सरबतात हात सैल सोडून साखर घातली जाते. तेच पेय माठातल्या पाण्याइतके गार ठेवले तर कमी साखरेत भागते.

खानापूरची काकू

सूनबाई, गुलाब उकळायचाच नसतो. त्याचा सुगंध वाफेबरोबर उडून जातो आणि भांड्यात उरतो तो तुरटपणा. पहाटे तोडलेल्या देशी गुलाबाच्या दोन मोठ्या मुठी पाकळ्या घ्या आणि प्रत्येक पाकळीच्या देठाकडचा पांढरा भाग कात्रीने काढून टाका, कारण कडवटपणा तिथेच असतो. पाकळ्या धुऊन, निथळून स्टीलच्या पातेल्यात घाला, त्यावर एका लिंबाचा रस आणि आठ लहान चमचे साखर घालून हाताने चुरगाळा. पाकळ्या आधी मरगळतात, मग अचानक बोटांना गडद गुलाबी रस लागू लागतो. तो रंग दिसला की थांबा. त्यावर उकळून गार केलेले एक लिटर पाणी ओता, झाकण लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी मलमलीच्या फडक्यातून गाळून घ्या. पाच पेले होतात, आणि एका पेल्यात जेमतेम आठ ग्रॅम साखर येते. मामंजींसाठी साखरेऐवजी नुसत्या लिंबात पाकळ्या चुरगाळाव्यात.

मोगऱ्याला मात्र चुरगाळू नये. त्याच्या कळ्या संध्याकाळी उमलू लागतात आणि खरा वास तेव्हाच सोडतात. म्हणून दिवेलागणीला पंधरा-वीस टपोऱ्या, मिटलेल्या कळ्या धुऊन माठातल्या पाण्यावर तरंगत सोडाव्यात, वर झाकणी ठेवावी आणि सकाळी उठल्याबरोबर काढून टाकाव्यात. तपकिरी पडेपर्यंत राहिल्या तर पाणी कडवट लागते. हेच पाणी गुलाबाच्या सरबताला वापरून पाहा. आमच्या खानापूरकडचा मातीचा माठ असेल तर फारच उत्तम, हे मी पक्षपाताने सांगते आहे.

बाजारातली फुले देवाला ठीक, पोटात नकोत; त्यांवर कोणती फवारणी झाली आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

अथणीकर

काकूंचा माठ खानापूरपेक्षा आमच्याकडे जास्त गार होतो, कारण हवा जितकी कोरडी तितके माठाच्या अंगावरचे पाणी लवकर उडते. पण आमच्या उन्हात गुलाब तग धरत नाही. आम्ही तांबड्या अंबाडीची, म्हणजे कन्नडमधल्या पुंडीची, बोंडे हिवाळ्यात वाळवून ठेवतो. खरे तर ती पाकळी नव्हे, फुलाखालचा मांसल भाग असतो. मूठभर बोंडे लिटरभर गरम पाण्यात तासभर भिजवली की माणकासारखा रंग उतरतो, आणि ती मुळातच आंबट असल्याने लिंबू लागत नाही. थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ घालतो. गोकर्णाचे निळे पाणी लिंबू पिळताच जांभळे होते म्हणून मुले खूश होतात, चव मात्र पाण्याचीच असते.

एक सूचना गंभीरपणे करतो. दिसायला सुंदर म्हणून कण्हेर, मग ती तांबडी असो वा पिवळी, पाण्यात कधीही टाकू नये. ती विषारी आहे.

शहापूरची सून (बेळगाव)

काकूंच्या पद्धतीने काल रात्री मोगऱ्याच्या पाण्यात गुलाब केला. लिंबाने रंग खरोखरच बोटांदेखत पालटला. मामंजींनी बिनसाखरेचे दोन पेले घेतले आणि तिसरा मागितला. सासूबाईंनी एक घोट घेतला, पेला उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "पाणी छान झाले आहे, आता यात सरबत घाल."