पहिल्याच भेटीत कशाने धरून ठेवलं? – अनुभव धागा

रानवाट:
मनोरंजनाचं एखादं ॲप आपण पहिल्यांदा उघडतो तेव्हा आपल्याला थांबवून ठेवण्यासाठी काय काय केलं जातं, त्याचे अनुभव इथे लिहा. नेटफ्लिक्सच्याच दोन अधिकाऱ्यांनी २०१५ च्या एका शोधनिबंधात म्हटलंय की माणूस साधारण ६० ते ९० सेकंद शोधतो, सिनेमा-मालिकांची दहा-वीस नावं चाळतो आणि काही हाती लागलं नाही की त्याचा रस संपतो. म्हणजे सगळा खेळ दीड मिनिटाचा. त्यात तुमचं किंवा घरच्यांचं काय झालं? पैशांची तक्रार असेल तर कंपनीचं नाव नको, धागा भलतीकडे जातो.

आळशी मांजर:
साबांसाठी (सासूबाईंसाठी) नेटफ्लिक्सवर वेगळं प्रोफाइल काढलं. आवडीची तीन नावं निवडा म्हणे. त्यांना त्यातलं एकही माहीत नव्हतं. मग चेहरे बघून निवड झाली: एक कोरियन मुलगी ("गोड आहे गं"), एक स्वयंपाकाचा कार्यक्रम आणि एक केवळ त्यातला वाडा मोठा दिसत होता म्हणून. पुढचं पान उघडलं तर कोरियन मालिकांची ही रांग! आता हिंदी डबिंगमध्ये बघतात आणि जेवताना मला त्या घरातल्या भानगडी सांगतात. तीन नावं न निवडताही पुढे जाता येतं. मग सर्वसाधारण लोकप्रिय माल समोर येतो. बघायला लागलं की त्या तीन नावांपेक्षा आपण काय बघतो याला जास्त वजन.

घाटावरचा:
आमच्या आप्पांचं सगळं यूट्यूबवर. तिथे कोणी नाव-गाव विचारत नाही, हेच त्यांना आवडलं. बैलगाडा शर्यतीचा एक व्हिडिओ बघितला आणि दुसऱ्या दिवशी पानभर बैलच बैल. मी एकदा पाहिलेल्याची नोंद बंद केली आणि जुनी पुसून टाकली. ऑगस्ट २०२३ पासून यूट्यूबने असं केलंय की नोंद बंद आणि मागचं फारसं काही नसेल, तर पहिलं पान जवळजवळ कोरंच येतं, वर नुसती शोधायची जागा. आप्पा म्हणाले, "बिघडवलास काय रं फोन?" मग माईकवर बोलून कीर्तन शोधायला शिकले. आता आधी ठरवतात, मग उघडतात. मला हे बरं वाटतं. आप्पांना अजून वाटत नाही.

तिसरी घंटा:
मी हौशी रंगभूमीवरचा माणूस. नाटकाला आलेल्या प्रेक्षकाने तिकीट काढलेलं असतं, पार्किंग शोधलेलं असतं. तो पहिल्या पाच मिनिटांत उठत नाही, म्हणून लेखकाला पात्रं उभी करायला वेळ मिळतो. छोट्या व्हिडिओंच्या ॲपमध्ये प्रेक्षकाने काहीच गुंतवलेलं नसतं. तुम्ही काही निवडायच्या आत पडदाभर व्हिडिओ सुरू झालेला असतो. टिकटॉकने ही सवय लावली. २९ जून २०२० ला त्यावर बंदी आली, जुलैमध्ये इन्स्टाग्रामचे रील्स आले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी भारतातच सुरू केली. दुकानं बदलली, गिऱ्हाईक तेच. आमच्या एकांकिकेच्या मुलांनाही आता पहिल्याच वाक्यात खून हवा असतो. पात्र दारातून आत येऊन पाणी पितंय एवढा वेळ द्यायलाही दिग्दर्शक घाबरतो. हा तोटा मला कुठल्याही वर्गणीपेक्षा महाग वाटतो.

बटाटेवडा:
रानवाट, पैशांचंच लिहितोय, नाव घेत नाही. काकांनी गोष्टी ऐकायचं एक ॲप 'फक्त १ रुपयात' सुरू केलं. तो रुपया महत्त्वाचा नव्हताच. रुपया देताना यूपीआयचा पिन टाकून त्यांनी पुढच्या आपोआप वसुलीला मान्यता दिली होती. चाचणीची मुदत संपली आणि काही शे रुपये गेले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा वसुलीच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. आली होती, इंग्रजीत, कर्जाच्या जाहिरातींच्या गर्दीत. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये ॲप-वेबसाइटवरच्या फसव्या रचनेच्या १३ प्रकारांची यादी करून त्यांना मनाई केलीय, त्यात वर्गणीचा सापळाही आहे. ॲप काढून टाकलं म्हणजे वसुली थांबत नाही. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे नावाची जागा असते, तिथे जाऊन रद्द करा.

शुक्रतारा:
माझा चांगला अनुभव. आजीची दृष्टी गेल्यावर तिला स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकायचं ॲप लावून दिलं. ते २०१७ च्या शेवटी भारतात आलं तेव्हापासून मराठी आहे. चित्रांचा, रंगांचा तिला उपयोग शून्य. दोन मिनिटं ऐकायची आणि "हा बाबा घाई करतोय" म्हणून बदलायला लावायची. वाचणाऱ्याचा आवाज पटला की मग पुस्तक कुठलंही चालतं.

कोडगा:
अशाच एका ॲपच्या मागे बसून पगार घेतो, म्हणून थोडं आतलं. आमच्याकडे पहिला नियम: रिकामा पडदा दाखवायचा नाही. दुसरा: नोंदणी जितकी पुढे ढकलता येईल तितकी ढकला. पहिला भाग संपत आला, पुढे काय होणार ही हुरहुर लागली, की मगच फोन नंबर मागायचा. नोटिफिकेशनची परवानगीसुद्धा तेव्हाच, कारण 'पुढचा भाग आला की कळवू का?' याला कोण नाही म्हणेल! चित्रांचंही तसंच. एकाच सिनेमाचं पोस्टर तुम्हाला वेगळं, मला वेगळं. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये हे स्वतःच जाहीरपणे लिहिलं होतं. विनोदी बघणाऱ्याला विनोदी नटाचा चेहरा. तिसरी घंटा, पाणी पिणारं पात्र आमच्या आकडेवारीत टिकत नाही, खरं सांगतो.

मैदानी:
२०२३ ची आयपीएल जिओसिनेमावर फुकट होती, मराठी समालोचनासकट. आमच्या चाळीत कित्येकांनी मोबाइलवर मॅच पहिल्यांदा तेव्हाच बघितली. कोपऱ्यात किती कोटी बघताहेत तो आकडा पळायचा. फायनलला ३ कोटींच्या वर गेला. सगळे बघताहेत म्हणून आपणही, असं आपोआप होतं. २०२५ ला हॉटस्टारशी विलीनीकरण झालं आणि फुकटाला कात्री लागली. तोवर टीव्हीचं रिचार्ज अर्ध्या चाळीने बंद केलं होतं.

आळशी मांजर:
कोडगा, नेटफ्लिक्सवर नुसतं थांबलं तरी झलक आवाजासकट सुरू होते. साबा दचकतात. बंद कसं करायचं?

कोडगा:
ब्राउझरमधून त्यांच्या प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये जा. तिथे प्लेबॅकमध्ये दोन खुणा असतात: पुढचा भाग आपोआप आणि झलक आपोआप. फेब्रुवारी २०२० पासून झलकेची खूण काढता येते. दोन्ही काढा. टीव्हीवर लगेच फरक दिसला नाही तर एकदा प्रोफाइल बदलून परत या.