अ‍ॅपच्या टेम्प्लेट फाइल्स नक्की ठेवायच्या कुठे आणि युजरला दाखवायच्या कुठे?

कोरं_पान:
आम्ही दोघं मिळून रिपोर्ट आणि पत्रं लिहायचं एक छोटं डेस्कटॉप अ‍ॅप करतोय, क्यूटी या लायब्ररीत, लिनक्स आणि विंडोज दोन्हीसाठी. सोबत काही तयार टेम्प्लेट देणार आहोत आणि युजरला स्वतःची पण बनवता आली पाहिजेत. आत्ता सगळं कॉन्फिग म्हणजे सेटिंगच्या फोल्डरमध्ये टाकलंय कारण तिथे लिहायची परमिशन हमखास असते, पण जोडीदाराचं म्हणणं की लिनक्सवर होममध्ये टेम्प्लेट्स नावाचं फोल्डर आयतं असतं तर सगळं तिथेच कॉपी करू. मला दोन्ही पटत नाहीये पण नेमकं का ते सांगता येत नाही. आणि दाखवायचं कुठे, अ‍ॅप उघडल्या उघडल्या की फाइल मेन्यूत? ज्यांनी असलं काही केलंय त्यांनी प्लीज सांगा.

जुनाट_कोडर:
तुमचा गोंधळ होतोय कारण दोन वेगळ्या गोष्टी एका डब्यात घालताय. तुम्ही दिलेली टेम्प्लेट हा अ‍ॅपचा भाग आहे, ती इन्स्टॉल होतात तिथेच राहू द्या, म्हणजे लिनक्सवर यूएसआर-शेअरमध्ये तुमच्या अ‍ॅपच्या नावाखाली, विंडोजवर प्रोग्रॅम फाइल्समध्ये, आणि ती फक्त वाचायची, त्यांना युजरने हात लावायचा नाही. अपडेट आलं की ती बदलणार. याउलट युजरने बनवलेलं टेम्प्लेट हे त्याचं डॉक्युमेंट आहे, सेटिंग नाही. माणसाने लेटरहेड बसवण्यात अख्खी दुपार घातलेली असते, ते टूलबारच्या रुंदीशेजारी ठेवायची वस्तू नव्हे.

कॉन्फिगमध्ये का नको याचं उदाहरण लिब्रेऑफिसमध्येच आहे. तिथे युजरची टेम्प्लेट बाय डिफॉल्ट प्रोफाइलच्या, म्हणजे युजरच्या सेटिंगच्या फोल्डरच्या, आत राहतात, डॉट-कॉन्फिगमधल्या लिब्रेऑफिस फोल्डरमध्ये. आता अ‍ॅप विचित्र वागायला लागलं की पहिला सल्ला काय मिळतो, प्रोफाइल रिसेट करा. म्हणजे सेटिंगबरोबर टेम्प्लेटही गेली, आणि बॅकअप घेताना डॉटने सुरू होणारी लपलेली फोल्डर कितीजण घेतात? वर्डमध्येही युजरची टेम्प्लेट आधी अ‍ॅपडेटातल्या लपलेल्या फोल्डरमध्ये जायची, ऑफिस २०१३ पासून डॉक्युमेंट्समध्ये कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स असं उघड दिसणारं फोल्डर आलं. नॉर्मल डॉट डॉटएम (नव्या कोऱ्या डॉक्युमेंटचं वर्डचं मूळ टेम्प्लेट) मात्र अजून अ‍ॅपडेटातच आहे आणि ते बरोबरच आहे, ती फाइल सेटिंगसारखीच वागते.

राइट_क्लिक:
वरच्याशी सहमत. आता होममधल्या टेम्प्लेट्स फोल्डरबद्दल, कारण त्याचं काम काय आहे ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. ते एक्सडीजी (लिनक्स डेस्कटॉपचे सामाईक नियम) युजर डिरेक्टरीजपैकी एक आहे आणि ते मुख्यतः फाइल मॅनेजर वापरतो. ग्नोम डेस्कटॉपच्या फाइल्स या फाइल मॅनेजरमध्ये रिकाम्या जागी राइट क्लिक केल्यावर नवीन डॉक्युमेंट हा पर्याय येतो तो या फोल्डरमध्ये फाइल असेल तरच, रिकामं असेल तर पर्यायच दिसत नाही. तुम्ही तुमची सगळी टेम्प्लेट तिथे ओतली तर त्या माणसाचा राइट क्लिक मेन्यू तुमच्या रिपोर्टनी भरून जाईल आणि त्याला कळणारही नाही हे आलं कुठून. ती जागा त्याची आहे, न विचारता काही टाकू नका. (केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपचा नवीन बनवा मेन्यू डॉट-लोकल-शेअरमधल्या टेम्प्लेट्स फोल्डरमधल्या डेस्कटॉप फाइल्सही वाचतो.)

अजून एक, फाइल मॅनेजर तिथली फाइल जशीच्या तशी कॉपी करतो. ओटीटी (लिब्रेऑफिसचा टेम्प्लेटचा फॉरमॅट) ठेवली तर नवी फाइल पण ओटीटीच होते, म्हणून तिथे साधी ओडीटी, म्हणजे नेहमीचं डॉक्युमेंट, ठेवायची.

वाचायला मात्र ते फोल्डर जरूर वाचा, तुमच्या फॉरमॅटची फाइल सापडली तर यादीत घ्या. नाव कोडमध्ये कायमचं लिहून (हार्डकोड) ठेवू नका, सिस्टीमच्या भाषेप्रमाणे फोल्डरचं नाव बदलतं. क्यूटी ६.४ पासून स्टँडर्डपाथ्समध्ये (ठरलेल्या फोल्डरचे पत्ते देणारा क्लास) टेम्प्लेट्स लोकेशन आलंय ते वापरा. आणि ते उत्तर होम फोल्डरच आलं तर वाचू नका, फोल्डर डिलीट केलेलं असलं की सेटिंग होमकडे वळतं आणि मग तुमचं अ‍ॅप अख्खं होम चाळत बसेल. विंडोजवर हेच लोकेशन अ‍ॅपडेटात नेतं, त्यामुळे तिथे डॉक्युमेंट्समध्ये स्वतःचं फोल्डर काढलेलं बरं.

मांडणीवाला:
दाखवण्याबद्दल माझं ठाम मत. फाइल कुठे आहे याच्याशी युजरला देणंघेणं नसतं, त्याला एकच यादी हवी, त्याची स्वतःची वर, तुमची खाली, आणि कोरं डॉक्युमेंट सगळ्यात आधी. अ‍ॅप उघडताना यादी दाखवली तरी चालेल पण एंटर दाबला की कोरं पान उघडलं पाहिजे, निवड केल्याशिवाय पुढे जाता येत नाही असं करू नका, आणि तीच यादी फाइल मेन्यूतल्या नवीनमध्येही द्या.

टेम्प्लेट उघडलं की बिननावाची प्रत आली पाहिजे, सेव्ह दाबल्यावर नाव विचारलंच पाहिजे. इथे चूक झाली तर माणूस पहिल्याच पत्रात मूळ टेम्प्लेट खराब करून बसतो. टेम्प्लेट बदलायचं असेल तर त्याला वेगळी कमांड द्या. टेम्प्लेट म्हणून सेव्ह केल्यावर फाइल कुठे गेली ते दाखवा आणि शेजारी फोल्डर उघडायचं बटण, ते नसेल तर लोक नव्या मशीनवर जाताना टेम्प्लेट मागे सोडून जातात.

कोरं_पान:
खूप खूप धन्यवाद, आता स्पष्ट झालं. एकच शंका, आम्ही दिलेलं टेम्प्लेट युजरला बदलायचं असेल तर? त्याच नावाची फाइल त्याच्या फोल्डरमध्ये असली की आमची लपवायची का? आणि फ्लॅटपॅक (लिनक्सवर अ‍ॅप बाकी सिस्टीमपासून वेगळं ठेवणारं पॅकेज) पण काढायचंय.

जुनाट_कोडर:
लपवू नका. एक्सडीजीच्या डेटा फोल्डरमध्ये युजरची फाइल सिस्टीमच्या फाइलवर मात करते हा नियम आयकॉनसाठी ठीक आहे, पण टेम्प्लेटमध्ये तुम्ही पुढच्या व्हर्जनला सुधारलेलं त्याला कधी दिसणारच नाही. बदलायला गेला की त्याच्या फोल्डरमध्ये प्रत करा, दोन्ही यादीत राहू द्या, हवं तर तुमचं नजरेआड करायची सोय द्या.

फ्लॅटपॅकमध्ये अ‍ॅपचा डेटा होममधल्या डॉट-व्हारमध्ये जातो आणि काढून टाकताना डेटासकट डिलीट करायचा पर्याय असतो, म्हणून युजरची टेम्प्लेट तिथे अजिबात नकोत. डॉक्युमेंट्समधल्या तुमच्या एका फोल्डरपुरती परमिशन मागा, टेम्प्लेट्स फोल्डरसाठी वेगळी परमिशन आहे, ती फक्त वाचण्यापुरती घ्या.

राइट_क्लिक:
आणि पाथची सेटिंग एकच न ठेवता अनेक फोल्डर जोडता येतील अशी ठेवा. ऑफिसात सगळ्यांची टेम्प्लेट नेटवर्क ड्राइव्हवर असतात, वर्डमध्ये त्यासाठी वर्कग्रुप टेम्प्लेट्स म्हणून वेगळी जागाच आहे. फक्त तो ड्राइव्ह बंद असेल तेव्हा यादी लोड होताना अ‍ॅप अडकणार नाही एवढं बघा, बॅकग्राउंडला वाचा.

कोरं_पान:
हे डोक्यातच नव्हतं. आधी कॉन्फिगमधून फाइल्स हलवायचा कोड लिहितो, जुन्या टेस्टर्सची टेम्प्लेट तिथेच पडलीयेत.