शाळेत 'आपापल्या देशाचं टेबल' आहे आणि लेक विचारतेय, मी कुठल्या टेबलावर?

सांगलीची_बर्नबीत:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही कॅनडात बर्नबीत राहतो, व्हँकुव्हरला लागूनच. मी सांगलीची, नवरा इथेच वाढलेला, त्याचे आईवडील १९९० च्या आसपास हाँगकाँगहून आले, त्यांच्या घरी कँटोनीज. लेक सात वर्षांची. इथे मे म्हणजे एशियन हेरिटेज मंथ, त्यामुळे दरवर्षी शाळेत काही ना काही असतंच. यंदा पत्र आलं की हॉलमध्ये देशवार टेबलं मांडणार, मुलांनी आपल्या देशाचा पोशाख घालून एखादी वस्तू घेऊन त्या टेबलामागे उभं राहायचं. फॉर्मवर देशासाठी जागा एकच.

लेकीने फॉर्म वाचला (आता वाचता येतं ना, हीच पंचाईत) आणि विचारलं, "आई, मी कुठल्या टेबलावर?" मी म्हटलं तुला हवं त्या. तर म्हणे, "मग दुसऱ्याला वाईट नाही वाटणार?" दुसरं म्हणजे दुसरं टेबल की दुसरी आजी, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

घरी खरं तर हा प्रश्न कधी आलाच नव्हता. तिचं बारसं पण झालं आणि महिन्याची झाल्यावर लाल अंडी वाटून सासरच्यांचा समारंभ पण झाला. गंमती होतात पण त्या निभतात. कँटोनीजमध्ये वडिलांच्या वडिलांना म्हणतात 'ये ये', आणि वडिलांच्या आईला 'मा मा'. आता सांगलीत माझा सख्खा भाऊ तिचा मामा. पहिल्यांदा ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली "मामा किचनमध्ये डंपलिंग करतेय" तेव्हा माझी आई दोन मिनिटं गप्पच बसली. आणि एकदा आईने नातीच्या लाल पाकिटात (सासरी शुभप्रसंगी पैसे घालून देतात ते) १०१ डॉलर घातले, आपल्याकडे वरचा एक हवाच, तर सासूबाईंचा चेहरा उतरला, कारण त्यांच्याकडे शुभकार्यात आकडा समच लागतो, विषम रक्कम मयताला देतात. आता आई १०० चं पाकीट देते आणि वरचा एक डॉलर वेगळा, देवापुढे ठेवते. दोघी खूश.

पण हे टेबल प्रकरण काही सुटेना. तुमच्यापैकी कुणाची मुलं अशी दोन्हीकडची आहेत का? तुम्ही काय केलंत? आणि हो, एका बाईंनी मला असंही ऐकवलं की "इंडियन म्हणजे एशियन कुठे, ते तर चायनीज वगैरे". हे खरं आहे का?

स्कारबरोवाला:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. त्या बाईंना सांगा नकाशा बघा. इथे बोलताना लोक 'एशियन' म्हटलं की चीन-जपान-कोरियाच डोळ्यापुढे आणतात हे खरं, पण हेरिटेज मंथ सगळ्या आशियाचा आहे, आपण, श्रीलंकन, इराणी, फिलिपिनो सगळे त्यात. व्हिव्हियन पॉय नावाच्या सिनेटर होत्या, मूळच्या हाँगकाँगच्या, सिनेटमध्ये नेमल्या गेलेल्या आशियाई वंशाच्या पहिल्या. त्यांनी मांडलेला ठराव सिनेटने डिसेंबर २००१ मध्ये मंजूर केला आणि मे २००२ मध्ये सरकारने तसं अधिकृत जाहीर केलं. म्हणजे तुमच्या सासरच्या गावच्या बाईंनीच तुम्हाला आत घेतलंय, काळजी नसावी.

आता टेबल. आमच्याकडे टोरंटोच्या स्कारबरोत दर दुसऱ्या प्लाझात एक 'हक्का' हॉटेल आहे. हक्का म्हणजे चिनी लोकांमधला एक समाज, त्यांच्यातले बरेच कलकत्त्यात टांगऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या राहिले, चामड्याचे कारखाने चालवले, हॉटेलं काढली, आणि नंतर खूप जण टोरंटोकडे आले. चिली चिकन, मंचुरियन वगैरे जे आपण चायनीज म्हणून गाड्यावर खाल्लं तेच इथे ते खिलवतात. माझ्या नेहमीच्या हॉटेलातले काउंटरवरचे काका दिसायला चिनी, मला बघितलं की कलकत्त्याच्या हिंदीत विचारतात "दादा, तीखा कितना?" आणि आत स्वयंपाकघरात ऑर्डर हक्का भाषेत ओरडून देतात. आता त्या काकांना तुमच्या शाळेत कुठल्या टेबलामागे उभं करणार ते मॅडमना विचारा.

अवांतर: जनगणनेच्या मोठ्या फॉर्मवरसुद्धा साऊथ एशियन, चायनीज, फिलिपिनो अशा चौकटी असतात आणि लागू असतील तर एकाहून जास्त खुणा करा असं लिहिलेलं असतं. सरकारला जे जमतं ते शाळेला जमू नये?

पुण्यातून_काका:

मुलीला नीट मराठी शिकवा, बाकी सगळं आपोआप होईल. दोन दगडांवर पाय ठेवला की मूल धड इकडचं राहत नाही धड तिकडचं. स्पष्ट बोललो, राग नसावा.

सांगलीची_बर्नबीत:

@पुण्यातून_काका राग नाही काका, पण ती दोन दगडांवर उभी नाहीये, ती घरात उभी आहे. माझ्याशी मराठी, आजोबांशी कँटोनीज, भांडण मात्र इंग्लिशमध्ये.

@स्कारबरोवाला हक्का काकांचं उदाहरण मी चोरणार आहे.

नदीकाठ:

मी तुमच्यापासून फार लांब नाही, रिचमंडला, स्टीव्हस्टनजवळ. नवऱ्याकडचे जपानी, तोही अर्धाच, त्याची आई स्कॉटिश घरातली. म्हणजे माझ्या मुलांचा हिशोब करायला बसलात तर अपूर्णांकांचं गणित होईल, म्हणून आम्ही तो करतच नाही.

पण यामागची एक गोष्ट मला लग्नानंतर कळली, ती सांगते. इथल्या जपानी कुटुंबांमध्ये बाहेर लग्नं इतकी जास्त का, कॅनडातल्या आशियाई समाजांत या बाबतीत ते सगळ्यात पुढे आहेत, तर मला आधी वाटायचं की किती मोकळ्या मनाची माणसं. असतीलही. पण १९४२ मध्ये, जपानशी युद्ध चालू असताना, किनाऱ्यापासून शंभर मैलांच्या पट्ट्यातल्या सगळ्या जपान्यांना हलवलं, साधारण बावीस हजार लोक, त्यातले बरेचसे इथेच जन्मलेले. हजारो जणांना आधी व्हँकुव्हरच्या हेस्टिंग्ज पार्कमध्ये, जिथे गुरांचे गोठे होते तिथे ठेवलं, मग डोंगरातल्या छावण्यांत पाठवलं. घरं, दुकानं, मासेमारीच्या बोटी सरकारने विकून टाकल्या. युद्ध संपल्यावरही एप्रिल १९४९ पर्यंत किनाऱ्यावर परत यायला बंदी! तोवर माणसं ओंटारिओपर्यंत पांगली, एकेका गावात एखाद-दुसरं घर. मुलांशी जपानी बोलायचं नाही, चारचौघांत उठून दिसायचं नाही. मग लग्नं कुणाशी होणार? माझ्या आजेसासऱ्यांनी घरात जपानी बोलणं बंद केलं ते केलंच, नवऱ्याला येतात ती फक्त जेवणाची नावं. १९८८ मध्ये सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्यांना प्रत्येकी २१,००० डॉलर दिले, पण भाषा काही चेकने परत येत नाही.

हे सांगायचं कारण, 'मिश्र' म्हटलं की सगळे गोड गोड बोलतात, फ्यूजन जेवण नि सुंदर बाळं. आमच्या घरातलं मिश्रण थोडं असं जबरदस्तीचंही आहे आणि माझ्या थोरल्याला ते बारा वर्षांचा झाल्यावर मी सांगितलं. त्याने फक्त एकच विचारलं, बोट परत मिळाली का?

करायचं काय ते विचारलंत म्हणून: ऑगस्टच्या पहिल्या लाँग वीकेंडला पॉवेल स्ट्रीट फेस्टिव्हलला जरूर जा, १९७७ पासून चालू आहे, जुन्या जपानी वस्तीतच भरतो. तिथे चेहऱ्यांची इतकी सरमिसळ असते की माझ्या पोरांना कुणी वळूनही बघत नाही, ही केवढी मोठी चैन आहे ते ज्याचं त्याला माहीत. व्हँकुव्हरमध्ये २०११ मध्ये हापा-पालूझा नावाचा खास मिश्र वारशाच्या लोकांचा उत्सवही सुरू झाला. 'हापा' हा हवाईचा शब्द, अर्धा अशा अर्थाचा. काही हवाईच्या लोकांना तो असा उचललेला आवडत नाही, त्यामुळे मी जपून वापरते.

पाऊण_मराठी:

लिहू का नको करत होतो. माझं मराठी बोलून टाईप केलंय, चुका असतील.

मी ते मूल आहे. आता ३४ चा. बाबा नाशिकचे, आई फिलिपिनो, वाढलो विनिपेगमध्ये. विनिपेगला फिलिपिनो लोक खूप, १९६० च्या दशकाच्या शेवटापासून कपड्यांच्या कारखान्यात कामाला बायका आल्या, माझी लोला (आईची आई) त्यातलीच.

आमच्याकडे ऑगस्टमध्ये फोकलोरामा असतं, दोन आठवडे, १९७० पासून चालू. प्रत्येक समाजाचं एक पॅव्हिलियन, एखाद्या कम्युनिटी सेंटरमध्ये किंवा शाळेत, जेवण, नाच सगळं. म्हणजे तुमच्या शाळेची टेबलं, पण अख्ख्या शहराची. मी लहानपणी दोन्हीकडे व्हॉलंटियर होतो. फिलिपिनोंकडे मला म्हणायचे तू बुम्बाय, त्यांच्याकडे भारतीयाला म्हणतात, काही प्रेमाने आणि काही तसं नाही. इंडियाकडे विचारायचे बेटा तू कौन है. मी ताटं उचलायचो दोन्हीकडे, स्टेजवर कधी गेलो नाही.

ताई, तुम्हाला खरं सांगू का, टेबल कुठलं याने काही फरक नाही पडला. त्रास कशाचा झाला माहितीये का, लोक विचारायचे "तुला जास्त काय वाटतं, इंडियन का फिलिपिनो?" आणि आईबाबा बाजूला उभे राहून हसत उत्तराची वाट बघायचे. मस्करीत हं. पण वाट बघायचे. तेवढं करू नका.

आणि आवडलेलं काय, तर वाढदिवस. सकाळी बाबा ओवाळायचे, हो बाबाच, आईला निरांजनाची भीती वाटायची, आणि संध्याकाळी लोला पान्सित करायची, लांब नूडल्स, कापायच्या नाहीत कारण आयुष्य कापलं जातं. कुणी मला समजावलं नाही की हे अमुक संस्कृतीचं आणि हे तमुक. मला वाटायचं सगळ्यांकडे असंच असतं. शाळेत मित्राच्या वाढदिवसाला गेलो तर नुसता केक! मला त्याची दया आली.

नदीकाठ:

@पाऊण_मराठी "पण वाट बघायचे" वाचून थांबले. आम्ही पण विचारलंय हे. आता नाही विचारणार.

पुण्यातून_काका:

पाऊण_मराठी, तुझं मराठी आमच्या सोसायटीतल्या पोरांपेक्षा बरं आहे.

सांगलीच्या ताई, मघाशी जरा फटकन बोललो. एक उपयोगाचं सांगतो, मला पंचांगाचा नाद आहे. चिनी लोकांचा चंद्राचा सण असतो ना, मूनकेकचा, तो त्यांच्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला. यंदा, २०२६ मध्ये, तो २५ सप्टेंबरला आहे आणि आपली अनंत चतुर्दशीही त्याच दिवशी. २०२४ मध्येही दोन्ही एकाच दिवशी होते, १७ सप्टेंबर. आणि गेल्या वर्षी तर तो ६ ऑक्टोबरला, बरोब्बर कोजागिरीला आला! कारण अधिक महिना त्यांच्याकडेही असतो, त्यांनी तो २०२५ मध्ये घेतला, आपला यंदा ज्येष्ठात आलाय, म्हणून मधल्या एका वर्षापुरती त्यांची पौर्णिमा महिनाभर पुढे सरकली. चंद्र एकच, हिशोबनीस दोन. मुलीला हे दाखवा, गणितही होईल.

सांगलीची_बर्नबीत:

काका!! गेल्या कोजागिरीला आमच्या बाल्कनीत एका बाजूला मसाला दूध आटत होतं आणि दुसऱ्या बाजूला सासूबाई मूनकेक कापत होत्या, आणि मला वाटलं नुसता योगायोग. (मूनकेकमध्ये खारवलेल्या अंड्याचा बलक असतो, त्यामुळे माझी आई लांबूनच नमस्कार करते. तिच्यासाठी सासूबाई आता बिनअंड्याचे शोधून आणतात.)

बरं, अपडेट. शाळेतल्या बाईंना ईमेल केला, हक्का काकांसकट. त्यांचं उत्तर आलं की हा विचारच डोक्यात आला नव्हता, देश सोडा, मुलीला हवं ते करू दे. मग तिने स्वतःच ठरवलं, एक मोठा चार्ट, 'मी कुणाला काय म्हणते'. एका बाजूला आजी, आजोबा, मामा, मावशी, दुसऱ्या बाजूला ये ये, मा मा, आणि दोन 'मामां'च्या मध्ये लाल बाण. टेबल नको म्हणाली, दाराजवळच्या भिंतीला चिकटवला.

काल झाला कार्यक्रम. पोशाख तिने शेवटी खणाचं परकर-पोलकं घातलं, तेही त्याला खिसा आहे म्हणून. तिच्या चार्टपाशी मुलांची रांग लागली, प्रत्येकाला आपलं लिहायचं होतं. एका इराणी मुलाने लिहिलं 'खाले', म्हणजे मावशी, आणि आत्याला वेगळा शब्द 'अम्मे'. फिलिपिनो मुलीने 'लोला'. एक गोरा मुलगा बराच वेळ उभा राहून म्हणाला आमच्याकडे सगळ्या आँटीच, मग त्यानेही लिहिलं, 'आँटी, आँटी, आँटी, आँटी'.

सासरे उशिरा आले, पार्किंग मिळेना. दारात उभे राहून गर्दीत तिला शोधत होते. तिने लांबूनच दोन्ही हात वर करून हाका मारायला सुरुवात केली, "ये ये! ये ये!" आणि ते आले.