पहाटे तीनला येणारी जाग
पन्नाशीत नोकरी गेली, त्यात आईचं आजारपण आणि पहाटे तीनला उडणारी झोप. अशा वेळी 'लवकर आडवे व्हा' असा सल्ला मिळतो, पण तो उलटा पडतो. जितका वेळ तळमळत पडून राहाल तितकं अंथरूण म्हणजे जागरण हे समीकरण पक्कं होतं. त्यापेक्षा उठायची वेळ ठरवा, रविवारीही तीच. साधारण वीस मिनिटं डोळा लागला नाही तर उठून मंद दिव्यात बसा, पेंग आली की परत या. घड्याळ पालथं ठेवा. हप्ते, औषधं, कुणाला फोन करायचे ते संध्याकाळीच वहीत उतरवा, प्रत्येकापुढे उद्याचं एकच काम. दारू नकोच, झोप लवकर लागते, पण उत्तररात्री तुटते. दोन आठवडे कशातच रस वाटला नाही तर डॉक्टरांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.