नाटकातले जुन्या सिनेमांचे संदर्भ ठेवू की कापू? (काळ १९९१, महाल, नागपूर)

त्रिमूर्तीनगरकर

नमस्कार मंडळी. हौशी राज्य नाट्य स्पर्धेसाठी दोन अंकी नाटक लिहिलंय. १९९१ ची दिवाळी, महालातला वाडा, त्यात भाडेकरू म्हणून राहणारी सासू, सून आणि धाकटा दीर, माडीवर घरमालक. दिग्दर्शक माझा भाचाच, वय २२. पहिलं वाचन झालं आणि पठ्ठ्यानं लाल पेनानं संहितेत तीन गोल केले.

पहिला गोल: सून दळण आणायला जाते म्हणून सांगते आणि शेजारणीसोबत 'माहेरची साडी'च्या मॅटिनीला जाते. डोळे सुजवून परत येते. सासू विचारते, "काहून वं, गिरणीवाला भांडला का?" तर दीर म्हणतो, "गिरणीवाला नाही, अलका कुबलची सासू भांडली."

दुसरा: दीर 'मैंने प्यार किया'मधली 'फ्रेंड' लिहिलेली टोपी घालून घरभर फिरतो.

तिसरा: दीर घरमालकाच्या दारात जाऊन 'अशी ही बनवाबनवी'तलं वाक्य म्हणतो, "धनंजय माने इथेच राहतात का?"

भाच्याचं म्हणणं, पहिले दोन काढ, आजच्या प्रेक्षकाला कळणार नाहीत. तिसरा ठेव, तो सगळ्यांना पाठ आहे. गंमत बघा, तिघांत तोच सिनेमा जुना, १९८८ चा. आणि काढलेल्यांच्या जागी सध्या गाजून राहिलेल्या एखाद्या रीलमधलं वाक्य टाकू म्हणतो. १९९१ च्या वाड्यात! मी तेव्हा त्याला चहा प्यायला पाठवलं, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. संदर्भ कधी ठेवायचा आणि कधी कापायचा, याला काही धरबंध आहे का?

इतवारीचा_बडग्या

ताई, भाच्याले एकदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हंजे ईडा पीडा नेणाऱ्या पुतळ्यायची मिरवणूक, पाहाले घेऊन या. काळी मारबत १८८१ पासून निघून राहिली, पिवळी १८८५ पासून. त्यायच्या संगं बडगे, तेबी पुतळेच. बडग्यावर त्या साली जे गाजून राहिलं ते. महागाई, घोटाळा, एखादा नेता. लोकं पाहतात, हासतात, शिव्या घालतात, मंग जाळून टाकतात. मागच्या साली कोणाचा बडग्या होता ते विचारा बरं कोणाले, अर्धे लोकं डोकं खाजवतीन. पण 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' लहान पोट्ट्यालेबी पाठ असते.

रीलमधलं वाक्य टाकान तं बडग्या होईन. स्पर्धा येईलोक टिकाचा नाही.

विंगेतला

ताई, मी प्रॉम्प्टर. सायंटिफिक सभागृहाच्या विंगेत खुर्ची, मांडीवर संहिता, हातात बारीक टॉर्च, एवढीच माझी रंगभूमी. तिथून नट तिरपे दिसतात आणि प्रेक्षक दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात. त्यामुळे हशाची जात मला बरी ओळखता येते. प्रसंगावरचा हशा अख्ख्या सभागृहातून एकदम उठतो. संदर्भावरचा तुकड्यातुकड्यानं येतो. आधी मधल्या रांगेतले काही हसतात, ते शेजारच्याला सांगतात, मग तो हसतो, आणि तोवर पुढचं वाक्य वाहून गेलेलं असतं. नेमकं ते वाक्य कथेचं असतं. नट बिचारा थांबू की बोलू करत माझ्याकडे बघतो. मी काय करणार?

आता तुमचे गोल.

पहिल्यात मला एकच विचारायचंय. डबा कुठे आहे? सून दळणाला गेली म्हणता, तर हातात डबा असणारच. परत येते तेव्हा त्यात काय असतं? अख्खा सिनेमा तो मांडीवर घेऊन बसली असेल, तर गहूच. मग सासूनं सुरुवातीला काही विचारूच नये. डबा घ्यावा, झाकण उघडावं, मूठभर गहू काढून सुनेच्या डोळ्यांदेखत बोटांमधून परत डब्यात सोडावेत. पत्र्याच्या डब्यात पडणाऱ्या गव्हाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, माईक लागत नाही. 'माहेरची साडी' हे नावही ज्यानं ऐकलेलं नाही, त्याला एवढ्यात सगळं कळलं. त्यानंतर तुमचा गिरणीवाला आणि दिराचं वाक्य येऊ द्या. त्या साली बायका पदरानं डोळे पुसत टॉकीजमधून बाहेर पडताना ज्यांनी पाहिल्यात ते पोट धरून हसतील, कारण पडद्यावर सुनेला छळणारी सासू उषा नाडकर्णी, आणि इथे खरी सासू मुठीत गहू घेऊन उभी. बाकीचे गव्हावर हसतील. शिवाय ते वाक्य दीर सासूला चिमटा काढायला बोलतोय, लेखिकेला किती सिनेमे माहीत आहेत ते सांगायला नाही. ते अजिबात कापू नका.

टोपीच्या बाबतीत मात्र भाचा बरोबर आहे. टोपी घालून दीर फिरतो म्हणजे करतो काय? काहीच नाही. साल कळावं म्हणून घातली असेल तर भिंतीवर कॅलेंडर टांगा, स्वस्तात काम होईल. ठेवायची असेल तर तिला कामाला लावा. त्यानं ती समोरच्या वाड्यातल्या मुलीला द्यावी, आणि दुसऱ्या अंकात ती भलत्याच कोणाच्या डोक्यावर दिसावी. 'फ्रेंड' हा शब्द कोणालाही वाचता येतो, सिनेमा पाहिलेला असो वा नसो.

तिसऱ्यावर माझं भाच्याशी भांडण आहे. सिनेमा १९८८ चा, कबूल. पण ते वाक्य लोक उठताबसता म्हणायला लागले ते टीव्हीवर तो सिनेमा लागून लागून, आणि मीम आल्यावर तर विचारूच नका. १९९१ साली आमच्या वाड्यात तरी कोणी दारात उभं राहून धनंजय माने विचारत नव्हतं. सिनेमा त्या काळचा असला तरी दारात उभं राहून ते वाक्य म्हणायची सवय आजची आहे. प्रदर्शनाचं साल तपासून ही चूक सापडत नाही, आणि प्रेक्षक त्या वाक्याला टाळ्या वाजवतो ते नाटकासाठी नाही, स्वतःच्या मोबाइलसाठी.

जमलं तर आपल्या नागपूरच्याच एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' (१९८५) पुन्हा काढून बघा. तात्याजी गेलेत, घरात तेराव्याच्या खर्चाची विवंचना, आणि रंजूच्या डोक्यात सिनेमा. ही पोरगी शिकवणीच्या मास्तरासोबत घरातलं सोनं घेऊन मुंबईला पळते. तिला कोणती नटी आवडते हे माहीत नसलं तरी वाचणाऱ्याचं काही अडत नाही. तिच्या सिनेमाच्या वेडापायी त्या घरातलं सोनं गेलं, हे पुरतं.

रील_बघणारी

काका, मीमवर एवढा राग नको. मी २००४ ची. 'अशी ही बनवाबनवी'तले निम्मे डायलॉग मला सिनेमा बघायच्या आधीच पाठ होते. नंतर सिनेमा बघितला तर दर पाच मिनिटांनी 'अरे, हे इथलं होय!' म्हणजे आमच्या पिढीचा प्रवास उलटा आहे. आधी संदर्भ, मग मूळ. त्यामुळे 'प्रेक्षकाला कळणार नाही' या भीतीला फार भाव देऊ नका. नाही कळलं तर आम्ही घरी जाऊन शोधतो.

पण शोधतो कधी? 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेत केट बुशचं १९८५ चं गाणं आलं आणि २०२२ साली ते ब्रिटनच्या यादीत पहिल्या नंबरवर जाऊन बसलं. तिथे त्या गाण्यामुळे मॅक्स नावाच्या मुलीचा जीव वाचतो. नुसतं मागे वाजलं असतं तर कोणी ढुंकून बघितलं नसतं. (म्हणजे तुमच्या टोपीचंच झालं हे, मान्य.)

आणि सिनेमाचं वेड म्हणाल तर 'गँग्स ऑफ वासेपूर' (२०१२). फैजल अमिताभच्या नादात, त्याच्या पुढची पोरं सलमान-संजय दत्तच्या. त्यांचा वैरी रामाधीर सिंह सांगतो की आपण जिवंत आहोत कारण आपण सिनेमा बघत नाही. मी ते सगळे जुने सिनेमे कुठे पाहिलेत? तरी कोण कोणाची नक्कल करत मरायला निघालाय ते कळतं.

ताई, दिराचं अलका कुबलवालं वाक्य ठेवाच. आजीला घेऊन येते. ती सिनेमा आठवून रडेल आणि मी डब्यावर हसेन.

विंगेतला

@रील_बघणारी, आजीला पुढच्या रांगेत बसव, बेटा. तुझं पटलं. त्यावरून 'झुंड' (२०२२) आठवला, आपल्या गावातलाच सिनेमा. अमिताभच्या पात्राचं नाव विजय बोराडे, ते आलंय झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या खऱ्या विजय बारसेंवरून. पण 'जंजीर', 'दीवार', 'डॉन', सगळीकडे अमिताभ विजयच होता. आता ज्याच्या डोक्यात ते जुने विजय आहेत तो 'विजय' ऐकल्याबरोबर सावरून बसतो. ज्याच्या नाहीत तो फुटबॉल बघतो. कोणाला थांबून समजावून सांगावं लागत नाही.

कोर्टाची_पायरी

वकील आहे म्हणून दोन गोष्टी, फुकट.

सिनेमाचं किंवा नटाचं नाव संवादात घेतलं म्हणून परवानगी लागत नाही. मूळ गाणं वाजवायचं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहतो, गीतकार-संगीतकारांचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे 'मैंने प्यार किया'च्या, १९८९ च्या गाण्याचं मुद्रण २०४९ संपेपर्यंत कोणाच्या तरी मालकीचं आहे. हौशी मंडळानं फुकट प्रेक्षकांसमोर प्रयोग केला तर कायद्यात काही सूट आहे, पण तिकीट लावलं की ती विसरा. नटानं स्वतः दोन ओळी गुणगुणल्या तर कोणी दारात येत नाही, तरी संहितेत अख्खं गाणं छापू नका.

जिवंत माणसाची टिंगल जपून करा. २००७ च्या 'ओम शांती ओम'मध्ये चेहऱ्यावर हात धरण्याच्या लकबीची नक्कल होती, मनोजकुमारांना ती लागली आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. तुमचं अलका कुबलवालं वाक्य साधं आहे, त्यात कोणाची बदनामी नाही. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावीच लागते, तेव्हा बदल काय करायचे ते त्याआधी करून घ्या. नंतर रंगमंचावर वाक्यं बदलत बसू नका.

इतवारीचा_बडग्या

वकीलसाहेब, आमच्या बडग्यायले कोणाची परवानगी लागते, तेबी सांगून टाका.

कोर्टाची_पायरी

त्याची फी लागेल, भाऊ.

त्रिमूर्तीनगरकर

सगळ्यांचे आभार. डब्याचं कालच्या तालमीत करून पाहिलं. सासूचं काम करणाऱ्या बाईंनी गहू सोडता सोडता एक दाणा उचलून दाताखाली फोडला आणि मग सुनेकडे पाहिलं. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. भाच्यानं तिथेच पेनाचं टोपण लावलं.

टोपी राहणार. दुसऱ्या अंकात ती घरमालकाच्या डोक्यावर येते. कशी ते सांगत नाही, प्रयोगाला या. धनंजय माने काढले, त्यावरून भाचा जरा रुसलाय. रीलमधलं वाक्य त्यानं आपणहून सोडलं, पण पडदा उघडताना 'मैंने प्यार किया'तलं 'कबूतर जा जा' वाजवायचं खूळ काही डोक्यातून गेलेलं नाही. परवान्याचा अर्ज तूच भर म्हणून सांगितलंय.

विंगेतले काका, आमचा प्रॉम्प्टर अजून ठरलेला नाही. तालीम रोज संध्याकाळी सातला असते, पत्ता व्यक्तिगत निरोपानं कळवते.